सोलापुरात समुद्राची टाकी: पैसा कुठं घालायचा आणि कुठं नाही

मंडळी, सोलापुरात रीफ टँकचं, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं, नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, एवढ्या उन्हात कोरल जगतंय का? जगतंय. उलट आपलं ऊन कोरडं असल्यामुळं एक काम मुंबईपेक्षा इथं स्वस्तात होतं. टाकीच्या तोंडावर चार-पाचशे रुपयांचा क्लिपचा पंखा असा लावा की वारा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका घासून जाईल. पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, दोन-चार डिग्री सहज खाली येतात. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं चालत नाही, मग तिथं चिलर (पाणी थंड करणारं मशीन) घ्यावा लागतो, ज्याच्या किमतीत तुमची टाकी, दगड आणि लाईट सगळं मिळून येईल. पाणी २५ ते २७ डिग्रीवर ठेवायचं. ३० च्या वर बरेच दिवस राहिलं तर कोरलच्या अंगात राहणारं, त्याला अन्न करून देणारं शेवाळ बाहेर पडतं आणि कोरल पांढरं पडतं. फक्त एक ध्यानात ठेवा, दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोली दमट होते आणि टाकीवरच्या पंख्याचा गुण उतरतो, तेव्हा एक खिडकी उघडी पाहिजेच.

आता पाणी. माझं स्पष्ट मत आहे, बजेट कमी असेल तर लाईटवर नाही, माशांवर तर नाहीच, पाण्यावर पैसे घाला. उजनीचं असो, टाकळीचं असो नाहीतर बोअरचं, नळाचं पाणी थेट टाकीत चालत नाही. घरचा आरओ पण तसाच चालत नाही कारण बऱ्याच मशिनींत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. त्याच्यापुढं डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची) एक नळी जोडायची आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य आल्याशिवाय पाणी वापरायचं नाही. आपल्याकडं नळ चार-चार दिवसांनी येतो, त्यामुळं आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला, संडासाला वापरा. आणि साठवायचं ते फूड ग्रेड प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये. घरात तांब्याचा हंडा असतो, आजी प्रेमानं म्हणते यात भरून ठेव, पाणी चांगलं राहतं. आपल्याला प्यायला चांगलं, पण तांब्याचा अंश गोगलगाय, झिंगा, कोरल यांना विष आहे.

मीठ स्वयंपाकाचं अजिबात नको, खडेमीठ पण नको. त्यात नुसतं सोडियम क्लोराईड, कोरलला कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्षारता सगळं लागतं, म्हणून हे सगळं असलेलं, टाकीसाठीचं रीफ सॉल्टच घ्यायचं. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) म्हणजे घनता १.०२५-१.०२६ च्या आसपास. शंभर लिटरच्या टाकीला सुरुवातीला चार किलोच्या आत-बाहेर मीठ जातं, नंतर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं तेव्हा चारशे ग्रॅमच्या आत. शंभर लिटर का म्हणतोय, तर वीस-तीस लिटरची छोटी टाकी स्वस्त दिसते पण पाणी कमी असलं की तापमान आणि खारटपणा तासातासाला हलतो, नवीन माणसाला ते सांभाळणं अवघड.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून काचेवर पाण्याच्या रेषेला मार्करनं खूण करा आणि रोज त्या खुणेपर्यंत गोडं शून्य टीडीएसचंच पाणी भरा, खारं नाही. एप्रिल-मेमध्ये पंखा चालू असताना रोज दोन-तीन लिटर जातंय, दोन दिवस गावाला गेलात तरी शेजाऱ्याला खूण दाखवून जा.

टाकी भरली की मासे आणायची घाई होते, तिथंच सगळ्यात जास्त पैसे मरतात. कोरडा दगड आणि वाळू टाकायची, बाटलीतला अमोनिया थोडा घालायचा आणि थांबायचं. एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसरे नायट्राईटचं नायट्रेट, आणि ही दोन्ही मंडळी दगडावर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य आलं की मगच मासा. मधे काचेवर तपकिरी थर येईल, ते डायटम (सूक्ष्म शेवाळ) असतात, घाबरून औषध ओतू नका, आपोआप जातात.

पहिला मासा क्लाऊनफिशची जोडी, तीही हॅचरीत वाढवलेली मागून घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनफिशची पैदास आपल्या देशात करून दाखवलेली आहे, समुद्रातून पकडायची गरजच नाही. त्याला ॲनिमोन (समुद्रात तो ज्याच्या आसऱ्याला राहतो तो मऊ प्राणी) लागतंच असंही नाही. निळा टँग हा मासा मात्र शंभर लिटरमध्ये कोंडू नका, तो मोठा होतो आणि त्याला पोहायला जागा लागते.

आणि हे कळकळीनं सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत, काळे प्रवाळ, समुद्री पंखे (पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ) आहेत, समुद्रघोडे सुद्धा आहेत. आपल्या समुद्रातून तोडलेलं कोरल, शोकेसमध्ये ठेवायचा वाळलेला तुकडा, कोरलचाच 'लाईव्ह रॉक' (जिवाणू, जीव वसलेला समुद्रातला दगड), कुणी कितीही स्वस्तात देऊ दे, घ्यायचं नाही. मालवणच्या समुद्रात आपलं स्वतःचं प्रवाळ आहे, ते तिथंच राहिलं पाहिजे. दगड सिरॅमिकचा घ्या. कोरल घ्यायचं तर मशरूम, झोअँथिड या जातींसारखं मऊ, टाकीत वाढवून तोडलेलं फ्रॅग (छोटा तुकडा), पक्क्या बिलासकट. यांना साधा एलईडी पुरतो. झोअँथिड हाताळताना तेवढे हातमोजे घाला, काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि ते चिकटलेला दगड गरम पाण्यात उकळायचा तर कधीच नाही.

राहिली लाईट जायची गोष्ट. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळं मे महिन्यात दोन तास वीज गेली तरी मासे हवेसाठी वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) जेमतेम दहा वॅटचा असतो, तो आणि पंखा घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, एलईडी बंद राहिला तरी चालतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप आधी आणा, मासे नंतर.