माळी गेला, गिऱ्हाईकही गेलं

(बाग आणि लॉन देखभालीचा व्यवसाय करणाऱ्यांसमोर गोव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी झाली, पाऊस ओसरला की आपल्या धंद्यात दोन गोष्टी एकदम घडतात. हॉटेलं आणि आसगाव-शिवोलीचे व्हिला हंगामासाठी लॉन तयार करून मागतात, आणि आपल्याकडे शिकून तयार झालेला माळी गवत कापायचं मशीन, म्हणजे ब्रशकटर, घेऊन स्वतःचं काम सुरू करतो. त्याच्यामागून दोन-चार बंगलेही जातात. मग आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं: ‘‘त्याच्याकडे लायसन कुठे आहे?’’ सुरुवात या वाक्यापासूनच करू, कारण कुठलं लायसन ते ठरलं नाही तर पुढचं प्रत्येक पाऊल चुकतं.

नुसतं गवत कापायला वेगळा सरकारी परवाना लागत नाही. जागा थाटून धंदा केला तर पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना, आस्थापना असेल तर 1973 च्या दुकाने व आस्थापने कायद्याखाली नोंदणी, आणि सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी. एकटा माळी या मर्यादेच्या कितीतरी खाली असतो. तो जीएसटी लावत नाही हा त्याचा गुन्हा नाही. त्याला ‘बोगस’ म्हणत फिरलात तर अब्रुनुकसानीचा दावा तुमच्यावर होऊ शकतो.

परवाना खरोखर लागतो तो विषाला. 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार पैसे घेऊन कीडनियंत्रणाचं काम करायचं तर कलम 13 खालचा परवाना हवा. त्यासाठी कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर, आणि त्याला मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण हवं. इथे मी अजिबात मवाळ होणार नाही. गवताची मुळं खाणारी हुमणी अळी दिसली की अजूनही ‘थिमेट’ मागणारे लोक आहेत. थिमेट म्हणजे फोरेट, आणि त्याचा वापर देशात 2020 च्या अखेरीपासून बंद आहे. अंगणातल्या पेव्हरच्या फटींत मारतात ते तणनाशक, ग्लायफोसेटही, पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांनीच वापरावं, असं केंद्राची ऑक्टोबर 2022 ची अधिसूचना सांगते. आणि आपली जमीन बघा. जांभा दगड सच्छिद्र, वर मातीचा थर पातळ, अंगणात दहा-पंधरा मीटरवर विहीर. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीआधी लॉनवर ओतलेलं औषध कुठे मुरणार? ज्याच्या विहिरीचं पाणी घरात पितात, त्याच्याकडे स्वस्त फवारणी हा धंद्यातल्या चढाओढीचा प्रश्न उरत नाही.

म्हणून तक्रार करायची ती याच मुद्द्यावर, आणि पुराव्यासह. औषध पाण्याच्या बाटलीत ओतून आणलं होतं का? मूळ डब्याला लेबल होतं का, त्यावरचा विषारीपणाचा रंग कोणता होता? लाल म्हणजे अत्यंत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. डब्याचा फोटो, बॅच क्रमांक, तारीख, जागा, आणि ग्राहकाला मिळालेली पावती किंवा मेसेज जोडून विभागीय कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मात्र त्याआधी आपलं गोडाऊन तपासा. आपल्यातले बरेच जण ‘लॉन मेंटेनन्स’च्या बिलातच फवारणी करतात, परवाना नसताना. स्वतःला परवाना काढणं जमत नसेल तर परवानाधारक ऑपरेटरशी लेखी करार करा, फवारणी त्याच्याकडून करून घ्या आणि तिचं बिल वेगळं काढा.

आता दर. समजा तुमचा महिन्याचा दर 6000 आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी 1080, एकूण 7080. गेलेला माळी 5000 मागतो. फरक 2080 चा, पण त्यातला निम्म्याहून जास्त कराचा आहे. हॉटेल जीएसटीत नोंदलेलं असेल आणि क्रेडिट घ्यायला पात्र असेल, तर त्याला त्या 1080 चं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम त्याच्या स्वतःच्या करातून वजा होते आणि तिथे खरी तफावत हजाराचीच राहते. बंगलेवाल्याला क्रेडिट नाही, त्याच्या खिशातून पूर्ण 7080 जातात. तुमची गिऱ्हाईकं बहुतेक घरगुती असतील आणि उलाढाल 50 लाखांच्या आत असेल, तर सेवांसाठीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे कमी ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत, 6 टक्के भरून काम भागतं. तो कर बिलात वेगळा लावता येत नाही, आणि हॉटेलला क्रेडिटही मिळत नाही. म्हणून आधी गिऱ्हाइकांची यादी बघा, मग सीएकडे जा. नुसता दर पाडून उतरलात तर पहिली कात्री पगाराला लागते आणि पुढचा माळीही जातो.

हॉटेलला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी. 10 किंवा जास्त कामगार असलेल्या ठेकेदाराला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागतो. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती मूळ मालकाकडून, म्हणजे हॉटेलकडून, वसूल होऊ शकते. बिलासोबत वर्गणी भरल्याचं दर महिन्याचं चलन जोडा. हॉटेलचा अकाउंटंट दरापेक्षा त्या कागदाला जास्त मानतो.

माजी कामगाराबद्दल सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: ‘‘दोन वर्षं हा धंदा करणार नाही असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय, चालेल का?’’ नाही चालत. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 अशी अट रद्दबातल ठरवतं. नोकरी चालू असतानाची बंदी टिकते, हे 1967 मध्ये गोळीकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. नोकरी सुटल्यावरची टिकत नाही. कायदा इथे बरोबर आहे असं मला वाटतं. माणसाच्या हातातलं कसब तुमच्या मालकीचं नसतं.

मालकीचं काय असतं? तुमचं नाव आणि बोधचिन्ह. ते ट्रेडमार्कच्या वर्ग 44 मध्ये नोंदवा. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून त्याने काढलेले लॉनचे फोटो. ग्राहकांची संकलित यादी. अशी यादी उचलून नेणाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयाने 1995 मध्ये मनाई केली होती. पण ती गोपनीय राखलेली असली पाहिजे. सगळे नंबर माळ्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये असतील, तर गोपनीय राखलं काय? कंपनीचं सिम, कंपनीचा व्हॉट्सॲप नंबर, ही साधी तजवीज नेमणुकीच्या दिवशीच करा.

आणि तो जातो त्या दिवशी काय करायचं? गेटच्या किल्ल्या आणि गणवेश सही घेऊन परत घ्या. ठिबक आणि स्प्रिंकलरच्या कंट्रोलरचा पिन बदला. गेटेड कॉलनीच्या सिक्युरिटीला त्याच दिवशी कळवा. एक गोष्ट हमखास विसरते: खताच्या दुकानातलं आणि नर्सरीतलं तुमचं उधारी खातं. पोरगा काम सोडून महिना झाला तरी तुमच्या नावावर युरिया उचलतोय, असं होऊ शकतं. पगार मात्र अडवू नका. वेतन संहितेनुसार हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. ग्राहकाला दोन ओळी पाठवा: अमुक व्यक्ती आता आमच्याकडे नाही, उद्यापासून अमुक येईल. त्यात निंदेचा एक शब्दही नको.

गिऱ्हाईक माळ्यामागून जातं, कारण त्याने आपल्यापैकी दुसऱ्या कुणाचं तोंडच पाहिलेलं नसतं. प्रत्येक बंगल्यावर दोन माणसं आलटून पालटून पाठवा, महिन्यातून एकदा स्वतः जा आणि लॉनची वही ठेवा: मातीचा सामू (पीएच), चुन्याचं प्रमाण, कापणीची उंची, खताची तारीख. जुलैत ती वही कामाला येते. स्वस्तवाला महिन्यातून दोनदाच येतो, तोवर मेक्सिकन गवत गादीसारखं फुगलेलं असतं, आणि तो एकदम बुडाशी कापतो. वरचा हिरवा थर जातो, खालच्या पिवळ्या काड्या उघड्या पडतात. मग तो हिरवेपणासाठी ओल्या पानांवर युरिया फेकतो, दाणे चिकटतात आणि ठिपक्या-ठिपक्यांनी पान जळतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, आणि युरिया कोरड्या पानावर, चौरस मीटरला 10 ग्रॅमच्या आत टाकून लगेच पाणी द्यावं. हे ग्राहकाला वहीतल्या नोंदी आणि फोटो दाखवून समजावता येतं.

शेवटी एक सुचवतो, पटलं तर घ्या. गेलेला माणूस कामाचा चांगला असेल तर त्याला उपठेका द्या. दोन-तीनशे चौरस मीटरच्या आतली लांबची लॉन आपल्याला गाडीखर्चामुळे परवडत नाहीत, त्याला परवडतात. वर्क ऑर्डरमध्ये चौरस मीटरचा दर, मशीन कुणाचं, पेट्रोल आणि ब्लेडची धार कुणाच्या खर्चाने, फवारणी त्याने करायची नाही, आणि पैसे कोणत्या तारखेला मिळतील हे लिहा, आणि दोघांच्या सह्या घ्या.