पदराची मागची बाजू

(दृश्य: काचेच्या टेबलावर उलगडलेली जांभळी पैठणी. दोन हात पदर उचलतात आणि उलटा करतात.)

साडीच्या दुकानात विक्रेता पदर कसा दाखवतो, ते कधी नीट पाहिलंय? सरळ बाजूने, दिव्याखाली, थोडा झुलवत. सोनेरी जर चमकते, मोर उजळतात, आणि घेणारी मनातल्या मनात हिशेब मांडायला लागते. त्याच क्षणी पदर उलटा करून मागायचा. बहुतेकींना हे सुचत नाही, सुचलं तरी संकोच वाटतो. संकोच अजिबात करू नये. पैठणीबद्दलचं निम्मं सत्य त्या मागच्या बाजूला असतं.

(दृश्य: येवल्याची गल्ली. एका घराच्या ओटीवरून माग दिसतो.)

नाव पैठणचं. गोदावरीकाठचं पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी, प्रतिष्ठान. पण आज माग जास्त वाजतात ते नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात. इथे घरात शिरलात की पुढच्या खोलीतच माग असतो. मुलांचा अभ्यास, पाहुण्यांचा चहा, सगळं त्याच्या कडेकडेने चालतं.

(दृश्य: अगदी जवळून, ताण्याच्या धाग्यांतून सरकणारी छोटी तिल्ली.)

आता हे जरा सावकाश पाहू.

उभे धागे ताणलेले आहेत. त्यांवर रंगीत रेशमाच्या लहान लहान तिल्ल्या, म्हणजे धागा गुंडाळलेल्या नळ्या, लोंबतायत. मोराच्या मानेला एक, पंखाला दुसरी, चोचीला तिसरी. विणकर बोटांनी उभे धागे मोजतो, चार उचलतो, त्यांखालून निळी तिल्ली काढतो. पुढचे तीन धागे हिरव्याचे. निळा आणि हिरवा जिथे भेटतात, तिथे दोघांना एकमेकांत अडकवतो आणि पुढे सरकतो. असं करत पदराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं, की आडवी एक ओळ झाली. फणी ठोकायची. मग पुढची ओळ. नक्षी दाट असली तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पदर इंच-दोन इंच वाढतो.

रंगाचा धागा आपल्या हद्दीत वळतो आणि तिथूनच मागे फिरतो. पलीकडच्या मोरापर्यंत जायचं त्याला कारणच नाही. म्हणून कापड उलटं केलं तरी मोर तसाच दिसतो, फक्त त्याचं तोंड दुसरीकडे असतं.

(दृश्य: दुसरी साडी. पदराची मागची बाजू, मोकळे धागे.)

ही दुसरी साडी. सरळ बाजूने बघितली तर पहिलीची बहीण वाटावी. हिची नक्षी यंत्रमागावर, जॅकार्ड नावाच्या नक्षी काढणाऱ्या यंत्रणेने उतरवलेली आहे. इथे रंगाचा धागा कापडाच्या मागून एका मोराकडून दुसऱ्याकडे लांब उड्या मारत जातो. त्या उड्या कापल्या की मागे अशी झालर राहते. काही ठिकाणी ती दिसू नये म्हणून आतून जाळीचं अस्तर लावून देतात आणि वर सांगतात, ‘ताई, जर टोचू नये म्हणून लावलंय.’

एक गोष्ट स्पष्ट करू. ही दुसरी साडी वाईट नाही. सेमी पैठणी म्हणून, सेमीच्या किमतीत विकली तर कोणाचीच तक्रार नसावी. ज्या घरात हातमागाची पैठणी परवडत नाही, तिथेही लग्नात मोराचा पदर मिरवावासा वाटतोच. भांडण आहे ते लेबलाशी.

(दृश्य: साड्यांना लटकलेली निरनिराळी लेबलं.)

आणि लेबलं तर भरपूर आहेत. अडचण अशी, की प्रत्येक लेबल वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतं.

सिल्क मार्क. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली सुरू केलेली खूण. होलोग्राम असतो, प्रत्येक लेबलाला स्वतंत्र क्रमांक असतो. ती एवढंच सांगते, की या कापडातलं रेशीम अस्सल आहे. ते हातमागावर विणलं की यंत्रमागावर, येवल्यात की आणखी कुठे, याबद्दल ती गप्प आहे. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही सिल्क मार्क मिळतो, आणि तो रीतसरच मिळतो. ‘बघा, सरकारी शिक्का आहे, म्हणजे ओरिजिनल पैठणी’, असं कोणी म्हणालं तर शिक्का खरा आणि वाक्य खोटं, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

हँडलूम मार्क २००६ चा. तो मागाबद्दल बोलतो. कापड हाताने विणलंय, एवढी त्याची हमी.

आणि तिसरं भौगोलिक मानांकन, आपल्या तोंडी बसलेलं जीआय. त्याचा कायदा १९९९ चा, अंमलात आला २००३ मध्ये. पैठणीला मानांकन मिळालं २०१० मध्ये. हे मानांकन एका दुकानाचं किंवा एका घराचं नसतं, त्या प्रदेशातल्या त्या पद्धतीने विणणाऱ्या सगळ्यांचं असतं. विणकराला मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. मानांकनाचा खोटा वापर केला तर कायद्यात किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैद आहे, वर पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. कायद्यात आहे. पण गल्लीगल्लीतल्या सेलमध्ये जाऊन प्रत्येक पदर उलटा करायला माणसं लागतात.

(दृश्य: बोटांवर जरीचं रीळ.)

जरीचं काय? इथे तिन्ही लेबलांवर विसंबून चालत नाही. पूर्वी रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देत. आज बाजारात तांब्याच्या तारेची ‘टेस्टेड’ जर आहे आणि प्लास्टिकची चमकती पट्टी गुंडाळलेली जरही आहे. सिल्क मार्क रेशमाबद्दल बोलतो, जरीबद्दल नाही. ‘चांदीची जर’ म्हणून पैसे मोजणार असाल, तर ते शब्द बिलावर लिहून घ्या. रेशीम शुद्ध, माग हाताचा, जर अमुक. एवढ्या तीन गोष्टी लिहायला ज्याचा पेन अडतो, त्याच्याकडून साडी घेऊ नये, हे आमचं मत.

(दृश्य: काडीच्या ज्योतीवर एक धागा.)

घरगुती चाचणी सगळ्यांना ठाऊक असते. काठाचा एखादा सुटा धागा जाळायचा. रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं, राख चिमटीत चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. चाचणी बरोबर आहे, फक्त ती एका धाग्याची आहे. आडवा धागा तपासला आणि उभा राहिला, तर निम्मी साडी तपासायची राहिली. आणि माग कोणता होता, ते राखेतून कळत नाही.

त्यापेक्षा किनारीच्या अगदी कडेला पाहा. विणताना कापडाचा पन्हा आक्रसू नये म्हणून विणकर दोन्ही कडांना टोकदार काठी अडकवतो. तिची बारीक भोकं काठावर राहतात. ही हातमागाची एक खूण, पण एकटी पुरेशी नाही. धूपछाव रंगाला मात्र पुरावा मानू नका. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, की कोणत्याही मागावर ती झळाळी येते.

(दृश्य: संध्याकाळ. मागावर दोघं शेजारी शेजारी बसलेले, नवरा-बायको.)

दाट पदर असला की दोघं एका मागावर बसतात. डावी बाजू तिची, उजवी त्याची. नक्षीचा कागद एकच, धाग्यांची मोजणी एकच.

पदर पुरा झालेला आहे. त्यात चौदा मोर, सात इकडे, सात तिकडे. आम्ही विचारलं, ‘सगळे सारखे आहेत का?’

तो हसला. तिने पदर उलटा केला, डावीकडच्या एका मोरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘माझ्या मोरांच्या माना जरा ताठ असतात. ह्यांचे खाली बघतात.’

(दृश्य: मागच्या बाजूचे दोन मोर, शेजारी शेजारी. माग पुन्हा वाजायला लागतो.)