मीटर लावायचा तो गाणं चालू असताना

(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप. समोर गाडीमालक होते, आणि फिटिंगचं काम शिकणारी काही मुलंही होती.)

नमस्कार मंडळी.

गाडीच्या डिकीत वूफर, म्हणजे बासचा (खालच्या सुरांचा) मोठा स्पीकर, बसवलेल्यांच्या तक्रारी मुळात दोनच. एक, "बास कमी झाला." दुसरी, "बास तुटतो." सांगणारा दोन्ही एकाच सुरात सांगतो आणि ऐकणाराही बहुतेक वेळा दोन्हींवर एकच उत्तर देतो: ॲम्प (वूफरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) गेला, नवा टाका. माझं म्हणणं असं, की या दोन तक्रारींची मुळं अगदी वेगळ्या जागी असतात आणि ॲम्पवर संशय दोन्हींत शेवटी घ्यायचा. त्यामुळे गाडी कोणाकडेही न्या, आधी स्वतःशी ठरवा, माझी तक्रार यातली नेमकी कोणती?

हे वेगळं का करायचं, ते सांगतो. ॲम्पची ताकद निम्मी झाली, म्हणजे 300 वॅटच्या जागी 150 वॅट मिळाले, तर कानाला फरक पडतो 3 डेसिबलचा. नीट लक्ष देऊन ऐकलं तर कळतो, गप्पा मारताना कळतही नाही. मग "पूर्वी काच थरथरायची, आता काहीच नाही" असं कोणी म्हणत असेल, तर ते अशक्त ॲम्पचं लक्षण नाही. अशक्त ॲम्प आधी कमी वाजत नाही, आधी फाटका वाजतो. सगळं स्वच्छ ऐकू येतंय, फक्त खालचा ठोका गायब आहे, असं असेल तर चूक जोडणीत किंवा सेटिंगमध्ये शोधायची.

तर पहिली तक्रार, बास कमी.

दोन वूफर असतील तर सर्वांत आधी प्लस-मायनस बघा. एकाच्या वायरी उलट लागल्या असतील तर एकाचा कोन (वूफरचा पुढचा हलणारा पडदा) बाहेर येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा आत जातो. बासच्या लाटा कित्येक मीटर लांब असतात. गाडीच्या आत त्या दोन लाटा एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. गंमत म्हणजे दोन्ही वूफर हाताला जोरात हलताना लागतात, ॲम्प गरम होतो, आणि ऐकू येत नाही काहीच. याची परीक्षा सोपी आहे. एका वूफरची वायर काढून गाणं लावा. एकटा वूफर दोघांपेक्षा जास्त वाजला, की निदान झालं. कोणता उलटा आहे ते बघायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. ॲम्पपासून वूफरच्या वायरी सोडवायच्या आणि सेलचं प्लस वूफरच्या प्लसला क्षणभर टेकवायचं. कोन बाहेर आला तर खूण बरोबर आहे.

वूफर एकच आहे पण त्यात दोन कॉइल (कोन हलवणारी तारेची वेटोळी) आहेत, हा प्रकार आता सर्रास दिसतो. 4 ओहमच्या (ओहम म्हणजे रोधाचं माप) दोन कॉइल समांतर जोडल्या तर 2 ओहम होतात, एकामागे एक जोडल्या तर 8. ॲम्प 2 ओहमच्या हिशोबाने घेतला आणि जोडणी 8 ची केली, तर वॅट चौथाईवर येतात, म्हणजे 6 डेसिबल गेले. ते मात्र कानाला चांगलंच जाणवतं. याहून वाईट म्हणजे त्याच वूफरची एक कॉइल सरळ आणि एक उलटी लावणं. कोन जागचा हलत नाही, दोन्ही कॉइल एकमेकींशी झगडत तापतात, आणि थोड्या वेळाने डिकीतून वार्निश जळल्याचा वास येतो.

मग सेटिंग. ॲम्पवर लो-पास फिल्टर असतो, फक्त खालचे सूर पुढे जाऊ देणारा, वूफरसाठी तो साधारण 80 हर्ट्झवर ठेवतात. कोणी स्विच चुकून हाय-पासकडे सरकवला असेल तर नेमका बासच कापला जातो. डिकीत सामान ठेवता-काढताना पिशवीच्या बंदाने हा स्विच सरकतो, हसू नका, सरकतो. स्टीरिओमध्येही सबवूफरचा वेगळा मेन्यू असतो. बॅटरी काढून लावल्यावर काही स्टीरिओ सगळं विसरून मूळ सेटिंगवर जातात आणि त्यात सबवूफर बंद असतो. बॅटरी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी बास गेला असेल तर आणखी कुठे शोधू नका.

कंपनीचाच स्टीरिओ ठेवून स्पीकरच्या वायरींवरून ॲम्पला सिग्नल दिला असेल तर आणखी एक भानगड असते. बरेच कंपनीचे स्टीरिओ आवाज वाढवला की बास आपणहून उतरवतात, दरवाजातले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. तिथे ॲम्प बदलून काहीही होणार नाही.

सेडानवाल्यांसाठी एवढंच, की डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये पत्रा आणि गादी असते. मागची सीट पाडून गाणं लावा. बास एकदम वाढला तर वूफर ठीकच वाजतोय, फक्त डिकीत अडकलाय. हॅचबॅकला हा प्रश्न नाही.

आता दुसरी तक्रार. आवाज वाढवला की बास तुटतो, ॲम्प क्षणभर बंद पडून परत चालू होतो, ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावतात. इथे मीटर, म्हणजे मल्टीमीटर, काढायचा. आणि इथेच सगळीकडे एक घोळ होतो. गाडी बंद, गाणं बंद, मीटर ॲम्पच्या टर्मिनलला लावला, 12.6 व्होल्ट आले, "करंट बरोबर येतोय, ॲम्पच खराब." या मोजमापाला काहीही अर्थ नाही. वायरीतून अँपिअर वाहत नाहीत तोवर सडलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवते. इंजिन चालू, गाणं नेहमीच्या मोठ्या आवाजात, आणि तेव्हा ॲम्पच्या टर्मिनलवर किती आहे ते बघायचं. बॅटरीवर 14 आणि ॲम्पवर ठोक्यागणिक 11 होत असेल, तर मधले 3 व्होल्ट वाटेत कुठेतरी उष्णता होऊन जळतायत. बरेच ॲम्प 10-11 व्होल्टच्या खाली स्वतःहून बंद पडतात. तो बिघाड नाही, तो त्यांचा बचाव आहे.

एक हिशोब करून दाखवतो, पोरांनो, लिहून घ्या. क्लास डी ॲम्प (वीज कमी वाया घालवणारी जात), खरे 500 वॅट, कार्यक्षमता साधारण 80 टक्के. आत जाणार 625 वॅट. भागिले 13.8 व्होल्ट, म्हणजे 45 अँपिअर. आता वायर बघू. घरात गीझरला टाकतात तशी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली, बॉनेटपासून डिकीपर्यंत 5 मीटर. तिचा रोध साधारण 21 मिलिओहम. 45 अँपिअरला जवळजवळ 1 व्होल्ट तिथेच गेला, आणि अशी वायर एवढ्या भाराला तापते ते वेगळंच. तीच 20 चौरस मिलिमीटरची घेतली तर फक्त 0.2 व्होल्ट जातात. बाजारात किटमध्ये मिळणाऱ्या जाडजूड वायरी बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. तेवढ्याच जाडीला त्यांचा रोध तांब्याच्या दीडपट धरून चाला. ओळखायचं असेल तर एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. त्यातही नुसतं बाहेरचं प्लास्टिक जाड आणि आत तारा मोजक्या, असंही असतं.

हाच हिशोब उलटा केला की खोक्यावरचं "2000 वॅट" पण तपासता येतं. ॲम्पवरचे फ्यूज बघा. 25 अँपिअरचे दोन असतील तर 50 गुणिले 13.8, जास्तीत जास्त 690 वॅट आत जाणार. जुन्या धाटणीचा क्लास एबी असेल तर बाहेर 400 च्या आसपास. उरलेले सोळाशे वॅट छपाईत आहेत.

प्लसची वायर सगळे बघतात, अर्थ, म्हणजे ॲम्पच्या मायनसची गाडीच्या पत्र्याला केलेली जोडणी, कोणी बघत नाही. डिकीतल्या रंगावरच थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) ठेवून स्क्रू पिळलेला असतो. रंग हा वीजरोधक आहे. पत्रा चमकेपर्यंत घासायचा, बोल्ट कसून पिळायचा, वर ग्रीस लावायचं, वायर दीड फुटाच्या आत ठेवायची. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका, तो जीव वाचवायला आहे. अर्थ तपासायला मीटरची एक टोकणी ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर, लांब वायर जोडून दुसरी बॅटरीच्या मायनसवर, आणि गाणं पुन्हा जोरात. 0.2 व्होल्टच्या पुढे गेलं तर अर्थ नव्याने करा. प्लसच्या बाजूलाही असंच करता येतं: बॅटरीचं प्लस ते ॲम्पचं प्लस, मधला फ्यूज-होल्डरही त्यात येतो. फ्यूज-होल्डर हाताला गरम लागला तर तिथेच व्होल्ट जातायत. हा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. तो ॲम्पसाठी नाही, वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून आहे. ज्या गाडीत तो नसेल ती तशीच चालवू नका.

आपल्याकडचा पावसाळा हा या सगळ्यात वेगळा धडा आहे. ॲम्प पुढच्या सीटखाली बसवायची फॅशन आहे, जागा वाचते म्हणून. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी कचऱ्याने तुंबली की तेच पाणी आत गालिच्याखाली उतरतं. वरून गालिचा कोरडा, खाली फोम ओला, आणि त्यावर ॲम्प. डिकीत टेललाइटच्या रबरातून पाणी झिरपून स्टेपनीच्या खळग्यात साचतं. ठाण्यात खाडीची दमट हवा आहेच. थिंबलवर हिरवी बुरशी दिसली तर नुसतं पुसू नका. वायर कापून नवं थिंबल दाबा, कारण हिरवेपणा तारांच्या आतपर्यंत गेलेला असतो. भिजलेला ॲम्प "चालतोय का बघू" म्हणून चालू करायचा नाही. आधी बॅटरीचं मायनस काढा, ॲम्प उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ करा, पूर्ण वाळू द्या. वूफरची पेटी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची) असेल तर तीही पाणी पिऊन फुगते, सांधे सुटतात. हवा गळणारी पेटी फुरफुरते आणि त्याचा आळ वूफरवर येतो.

आता ॲम्पवरचा लाल दिवा, प्रोटेक्ट, म्हणजे ॲम्पने बचावासाठी स्वतःला बंद केल्याची खूण. वूफरच्या वायरी काढा आणि ॲम्प चालू करा. दिवा गेला तर वायर पत्र्याला लागलीय किंवा कॉइल शॉर्ट आहे. 4 ओहमच्या कॉइलवर मीटर साधारण 3.2 ते 3.6 दाखवतो. 1 च्या खाली किंवा काहीच नाही, म्हणजे कॉइल गेली. कोन दोन्ही हातांनी सारखा, हळू दाबून बघा. आत खरखर लागली तर कॉइल जळून फुगलेली आहे. वूफर काढूनही दिवा राहिला तर आरसीए (स्टीरिओकडून ॲम्पला सिग्नल आणणारी वायर) काढा. तरीही राहिला, आणि व्होल्ट व अर्थ दोन्ही ठीक आहेत, तर आता म्हणा ॲम्पमध्ये बिघाड आहे. बहुतेक वेळा आतल्या पॉवर सप्लायचे मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले असतात. हे दुरुस्त होतं. चांगला ॲम्प असेल तर बेंचवर बसणारा कारागीर शोधा, फेकू नका.

पण तो का गेला, हे विचारल्याशिवाय गाडीत परत बसवू नका. बहुतेकदा उत्तर गेनच्या खुंटीत असतं. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टीरिओ जितके व्होल्ट देतो तितके पचवायला ॲम्पला सांगणं, एवढंच त्याचं काम. वूफर सोडवा, बास-बूस्ट शून्यावर आणा, स्टीरिओचा आवाज पाऊण, 50 हर्ट्झचा टोन लावा आणि ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. 300 वॅट आणि 4 ओहमला 34.6 व्होल्ट. तिथे खुंटी सोडायची, पुन्हा हात लावायचा नाही. आणि बास-बूस्ट 12 डेसिबलने वाढवणं म्हणजे ॲम्पकडे सोळापट वॅट मागणं. ते त्याच्याकडे नाहीत, मग तो लाटेचे माथे कापून देतो आणि कॉइल जळते. रात्री दहानंतर खाडीकिनारी डिकी उघडून उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हेच चाललेलं असतं. नियमाने तेव्हा निवासी भागात 45 डेसिबलची मर्यादा आहे, ते सोडूनच द्या.

आता तुमचे प्रश्न.

एका काकांनी विचारलं, की चार दिवस गाडी उभी राहिली की स्टार्ट होत नाही, याचा ॲम्पशी संबंध आहे का. असू शकतो, काका. ॲम्पला जागं करणारी रिमोटची वायर स्टीरिओऐवजी कायम चालू असलेल्या वायरीवर टाकली असेल, तर ॲम्प रात्रंदिवस जागा राहतो. रिकामा बसलेला ॲम्पही अर्धा-एक अँपिअर खातो. 1 अँपिअर म्हणजे दिवसाला 24 अँपिअर-तास, आणि छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते 35-45 ची. गाडी बंद करा, दरवाजे लावा, थोडा वेळ थांबा आणि रिमोटच्या टर्मिनलवर मीटर लावा. 12 व्होल्ट दिसले तर चोर सापडला.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते, असं मागून कोणी म्हणालं. अर्थ तपासा, आणि आरसीए व बॅटरीची वायर गाडीच्या एकाच बाजूने नेली असेल तर वेगळ्या करा. एवढ्याने थांबली नाही, तर एक वायर स्टीरिओच्या बॉडीवरून आरसीएच्या बाहेरच्या कड्याला टेकवा. शिट्टी गेली तर स्टीरिओमधला अर्थ उडालाय. चालू असताना आरसीए खुपसल्याने बऱ्याचदा असं होतं.

शेवटचा प्रश्न कपॅसिटरचा, म्हणजे ॲम्पजवळ थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या नळकांड्याचा: 1 फॅरडचा लावला तर हेडलाइट मंदावणं थांबेल का? हिशोब करा. 14 वरून 12 व्होल्टवर येईपर्यंत तो देतो 26 ज्यूल. 625 वॅटला ते सेकंदाच्या चोविसाव्या भागात संपतात. पुढचा ठोका पुन्हा अल्टरनेटर आणि बॅटरीवरच. त्या पैशात डिकीपर्यंतची वायर तांब्याची करून घ्या, आणि बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर आधी तीच तपासून घ्या.