चार मीटरच्या आत

[दसऱ्याची सकाळ. चिंचवडमधली एक शोरूम. कॅमेरा जमिनीलगत, टायरवर.]

चाकाखाली लिंबू. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचा हार. पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली धरून अख्खं कुटुंब फोटोला उभं आहे. पुढचं कुटुंब मागे रांगेत, कारण आज एका दिवसात इथून कितीतरी गाड्या बाहेर पडायच्या आहेत. हे सगळं उरकतं पाच मिनिटांत. त्याच्या दोन महिने आधी काय होतं, ते बघू.

[दोन महिने आधी. तीच शोरूम. एक गृहस्थ वाकून गाडीला टेप लावतायत.]

हे आमचे काका. टूलरूममध्ये नोकरी करून निवृत्त झाले. खिशात पेन असेल-नसेल, मीटर टेप असते. सतरा वर्षं एकच छोटी गाडी वापरली, आता काकूच्या गुडघ्यांना ती खाली पडते. आत शिरताना बसावं लागतं आणि उतरताना कुणीतरी ओढावं लागतं. म्हणून उंच गाडी हवी, म्हणजे छोटी एसयूव्ही. सनरूफ, मोठा स्क्रीन, रंगीत दिवे यांतलं काकांना काही नको होतं. आणि सेल्समन नेमका सनरूफवरच आला.

"सर, मापं ब्रोशरमध्ये आहेत."

"असू देत हो. माझ्या टेपला सांगू देत."

टेप थांबली 3 मीटर 99 सेंटिमीटर आणि वर थोडं. शेजारच्या गाडीलाही तेच. समोरच्या, दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्येही तेच. टाटाची नेक्सॉन 3995 मिलिमीटर, मारुतीची ब्रेझा 3995, किआची सोनेट 3995, स्कोडाची कायलॅक 3995. महिंद्राची थ्रीएक्सओ 3990. एवढ्या कंपन्यांचे इंजिनिअर एकाच आकड्यावर कसे आले?

हा आकडा ठरला अर्थसंकल्पात. 2006 साली केंद्र सरकारने छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आणलं. छोटी कशाला म्हणायचं? लांबी 4000 मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत. मग कंपन्यांनी गाड्या त्या मापात बसवायला घेतल्या. 2008 मध्ये टाटाच्या इंडिगोची डिकी आखूड झाली. 2009 मध्ये चिंचवडच्याच प्रीमियर कंपनीने रिओ आणली. चार मीटरच्या आतली एसयूव्ही, पण काळाच्या थोडी आधी आली आणि विस्मरणात गेली. 2013 मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली, 2016 मध्ये ब्रेझा, 2017 मध्ये नेक्सॉन. आज यातल्या बऱ्याच गाड्या आपल्या अंगणात बनतात: नेक्सॉन रांजणगावला, कायलॅक चाकणला, ह्युंदाईची नवी व्हेन्यू तळेगावला, थ्रीएक्सओ नाशिकला.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीत हीच रेघ आणखी ठळक झाली. रेघेच्या आत 18 टक्के, बाहेर 40. समजा, कर सोडून गाडीची किंमत आठ लाख आहे. आत असली तर कर 1 लाख 44 हजार. बाहेर असली तर 3 लाख 20 हजार. आणि गंमत बघा, फक्त लांबी पुरत नाही. ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, म्हणून ती 40 टक्क्यांत. म्हणजे ती घेऊच नये असं नाही. मोठं इंजिन आपल्याला हवंय का, हे आधी ठरवावं, कारण त्याचे पैसे आपण मोजतोय.

[उड्डाणपुलाचा चढ. गाडीत पाच माणसं.]

टेस्ट ड्राइव्हला काकांनी काकूला घेतलं, मला घेतलं, शेजारच्या दोघांना घेतलं. सेल्समनला जागाच उरली नाही. तो बिचारा फोनवरून रस्ता सांगत होता. नेहमीची फेरी सपाट रस्त्यावरची आणि रिकाम्या गाडीची असते. त्यात कुठलीही गाडी उडते. भरल्या गाडीने चढावर थांबायचं आणि पुन्हा उचलायची, तिथे कळतं. साधं 1.2 लिटरचं इंजिन शहरात गोड चालतं, पण पाच माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना सारखं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला यावं लागतं. टर्बोला, म्हणजे जास्त हवा कोंबून ताकद वाढवलेल्या इंजिनाला, दम असतो, मात्र पाय जड असला की अ‍ॅव्हरेज पडतं. कंपनीचा अ‍ॅव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो. तिथे ना सिग्नल, ना खड्डे.

डिझेलबद्दल एकच. रोज चार-पाच किलोमीटर जाऊन-येऊन करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर लांब, सलग पळतीत स्वतःला जाळून साफ करतो. तशी पळती मिळाली नाही की तो तुंबतो.

आणि एसयूव्ही या शब्दाचं काय? या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. सांगाडा मोटारीचाच, अंग उंच. त्यामुळे खड्डा, गतिरोधक, पावसात साचलेलं पाणी यांत त्या बिनघोर वाटतात. पण गावच्या घराकडे जाणारा चिखलाचा चढ जुन्या गाडीला चढत नसेल, तर हिलाही चढेलच असं नाही. ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या उंचीचा, आकडा विचारताना गाडी रिकामी की भरलेली, तेही विचारा. पाच माणसं बसली की गाडी बसते. काकांनी तेही मोजलं. आम्हाला चौघांना आत बसवून स्वतः रस्त्यावर गुडघे टेकून.

[क्रॅश टेस्टचं दृश्य, संथ गतीत.]

आता ताऱ्यांचं, म्हणजे अपघातात गाडी माणसांना किती जपते याच्या गुणांचं. 2018 च्या डिसेंबरमध्ये गाड्या आदळून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या चाचणीत नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनून इथेच विकली जाणारी ती पहिली पंचतारांकित गाडी. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपलं भारत एनकॅप सुरू झालं. ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडीचा पुढचा 40 टक्के भाग अडथळ्यावर आदळतात. शिवाय बाजूने धडक देतात. ही चाचणी ऐच्छिक आहे, तेव्हा तारे नाहीत म्हणजे गाडी वाईट, असं नाही. पण तारे असलेली गाडी समोर असताना नसलेली का घ्यावी, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. लहान मुलांसाठीचे तारे वेगळे मिळतात. नातवंडं असलेल्या काकांनी ते आधी बघितले.

[टेबल. कोटेशनचा कागद. काकांच्या हातात लाल पेन.]

आता कागद. एक्स-शोरूम किंमत आणि शेवटचा ऑन-रोड आकडा यांच्या मधल्या ओळी वाचायच्या. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के रस्ता कर, त्यापुढे वीस लाखांपर्यंत 12. डिझेलला 13 आणि 14. दहा लाखांच्या वर गेलात की एक टक्का टीसीएसही, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, कापतात. तो गेला असं समजू नका, आयकर विवरणपत्रात वळता होतो. थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा, तो सक्तीचाच. पण विमा शोरूमकडूनच घ्या, अशी सक्ती नाही. काकांनी बाहेरून कोटेशन आणलं, इंजिन प्रोटेक्ट धरून, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केली आणि इंजिनात पाणी शिरलं, तर साध्या विम्यात तो खर्च बसत नाही.

खाली एक ओळ होती: हँडलिंग चार्जेस. काका म्हणाले, "हे काय? गाडी तुम्ही हातात धरून आणलीत?" ओळ गेली. त्याखालचं अ‍ॅक्सेसरी पॅकेजही गेलं. मॅट तेवढी राहिली.

[शहराबाहेरचं स्टॉक यार्ड. ओळीने धुळीत उभ्या गाड्या.]

नोंदणीआधी गाडी यार्डात जाऊन बघायची. एकदा नंबर पडला की तक्रारीला धार राहत नाही. चासी नंबर कागदाशी जुळवा, त्यात उत्पादनाचं वर्ष आणि महिना दडलेला असतो. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: 3125 असेल तर 2025 मधला 31 वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी धरून. काकांनी उन्हात तिरकं बसून दारांवरची चमक न्याहाळली. मागच्या उजव्या दाराचा रंग बाकीच्यापेक्षा किंचित दाणेदार होता.

"ही नको. दुसरी दाखवा."

दुसरी आठ दिवसांनी आली.

[दसरा, दुपार. इमारतीचं पार्किंग.]

दोन खांबांच्या मध्ये जागा 2 मीटर 35. गाडी 1 मीटर 80, तीही आरसे सोडून. उरले 55 सेंटिमीटर, आणि ते सगळे काकांना उजव्या बाजूला हवे होते, उतरायला. हे गणित त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच मांडलं होतं. डाव्या खांबावर खडूची रेघही तेव्हाचीच.

काकू फाटकाशीच उतरली. न ओढता.

"अहो, या, या... बास!"

डाव्या आरशात आणि खांबात चार बोटं उरली. काकांनी खाली उतरून टेप लावलीच.