एका बिस्किटाने मोडणारं पथ्य

कुत्र्याची शी सुरुवातीला बरी, मग पातळ, शेवटी शेंबासारखी आव आणि ताज्या रक्ताचा थेंब. दिवसातून पाच-सहा वेळा, कुंथत, थोडी थोडी. अशी शी बहुतेक वेळा मोठ्या आतड्याकडे बोट दाखवते. ढीगभर शी आणि भरपूर खाऊनही दिसणाऱ्या बरगड्या, हे मात्र लहान आतड्याचं किंवा स्वादुपिंडाचं लक्षण. डॉक्टरांना फोटो दाखवा, संकोच नको.

त्रास तीन आठवड्यांहून जुना आहे, जंत आणि रक्त तपासून झालंय, कुत्रा एरवी ठणठणीत आहे. मग बहुधा आधी आहार बदलून पाहतात, कारण अशा बऱ्याच कुत्र्यांचं पोट तेवढ्यानेच ताळ्यावर येतं.

नवं अन्न दोन प्रकारचं. एक, कुत्र्याने आजवर न चाखलेल्या मांसाचं. दुसरं हायड्रोलाइज्ड. यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारशक्तीला ते सहसा ओळखू येत नाहीत. दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. मोजणी इथून सुरू. पोटाचा फरक बहुधा दोन आठवड्यांत कळतो, अंगाला खाजही असेल तर आठ आठवडे धरा.

पथ्य मोडतं ते वाटीबाहेर. प्रेमाने दिलेलं बिस्कीट, बाळाच्या हातून सांडलेला घास, मांजराची उघडी वाटी. आणि जे कुणाच्या लक्षातच येत नाही ते: चघळायची चवदार जंताची गोळी, चिकनच्या चवीची टूथपेस्ट. बिनचवीची औषधं मागून घ्या. घरातल्या प्रत्येकाला सांगा, लहान मुलांनाही.

शी बांधून आली की जुनं अन्न पुन्हा द्यायचं. जीवावर येतं, पण त्याशिवाय दोष अन्नाचाच होता हे ठरत नाही. दोन आठवड्यांत जुलाब परतले, तर ठरलं. मग नव्या अन्नावर पोट स्थिरावू द्या आणि चिकन, गहू, दूध असा एकेक पदार्थ वेगवेगळा देऊन पाहा.

फरक पडलाच नाही, तर कमी चरबीचं किंवा जास्त तंतूंचं अन्न उरतं. एक आहार फसला म्हणून सगळे फसत नाहीत. उकडलेलं चिकन आणि भात मात्र दोन-चार दिवसांपुरताच. त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं, पिल्लांची हाडं कमकुवत होतात.

दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. वजन उतरतंय, उलट्या थांबत नाहीत, शी डांबरासारखी काळी आहे किंवा पोटात पाणी साठलंय, तर पथ्याचे दिवस मोजत बसू नका. वही घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.