मांडी घालून बसणे : 10 गुण

(मिरज. सतारमेकर गल्ली. सकाळचं ऊन दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं.)

हा भोपळा मंगळवेढ्याकडचा. त्याचा आता तंबोरा झालाय, राहिलीय ती जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं घासायचा. इतका हलका, की तार टेकूनही टेकू नये. जरा जास्त गेलं की आवाज बसतो.

चाचांचा उजवा पाय लहानपणी पोलिओत गेला. तो ते पुढं लांब सोडतात, डावा दुमडतात आणि वाद्य कुशीत घेतात. हे काम बसूनच करायचं असतं, त्यामुळं गल्लीत त्यांना दोनच नावं : चाचा, नाहीतर कारागीर.

(निवेदन नाही. कानस. मग तार. पुन्हा कानस.)

दुकानाच्या तीन पायऱ्या उतरल्या की तिसरं नाव सुरू होतं. लंगडा.

आपल्या बोलीत अशी नावं पुष्कळ आहेत : पांगळा, लुळा, थोटा, अधू. ती माणसापाशी थांबतही नाहीत. सबब लंगडी असते, कारभार आंधळा असतो, दाद न देणारं सरकार बहिरं असतं. जे जे बिघडलं, त्याला आपण याच माणसांची नावं देत आलो. मला एकच शब्द वेगळा सापडला, पांगुळगाडा. धडधाकट पायांची पोरंसुद्धा तो धरूनच चालायला शिकली.

सरकारी कागदावर 1995 च्या कायद्यात 'अपंग' होतं. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि मराठीत तो कायद्याच्या नावातच आला : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. अपंगत्वाच्या सात प्रकारांचे एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, अ‍ॅसिडहल्ल्यात होरपळलेले, सगळे आत आले. 'दिव्यांग' हा शब्द अनेक कार्यकर्त्यांना पटलेला नाही. मलाही नाही. पण याच कायद्यातली व्याख्या वाचाच. शरीराची, मनाची, बुद्धीची किंवा इंद्रियांची दीर्घकाळची उणीव, आणि अडथळ्यांशी तिची गाठ पडल्यामुळं समाजात इतरांच्या बरोबरीनं वावरता न येणं. म्हणजे दुकानाच्या त्या तीन पायऱ्यासुद्धा व्याख्येत आल्या.

(टेबल. मोजपट्टी. डॉक्टरांचे हात, चेहरे घेतलेले नाहीत.)

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मात्र पायरी कुणी मोजत नाही. मोजतात पाय. आधी टेपनं लांबी, दोन्ही पायांची. मग कोनमापक लावून सांधा किती वळतो ते. मग स्नायूचा जोर, शून्य ते पाच. त्यानंतर तोल. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत त्याच्या नऊ कसोट्या आहेत, प्रत्येकीला 10 गुण. सपाटीवर चालणे. चढावर चालणे. जिना चढणे. दोन्ही पायांवर उभं राहणे. अधू पायावर उभं राहणे. उकिडवं बसणे. मांडी घालून बसणे. गुडघे टेकणे. वळणे. जे जमणार नाही त्याचे गुण धरायचे. हालचाल आणि तोल यांची नुसती बेरीजही करत नाहीत, त्याला सूत्र आहे : त्यात तीस आणि तीस मिळून साठ होत नाहीत, पन्नास होतात.

चाचांची जन्माची बैठक या यादीत सातव्या ओळीवर आहे.

या मोजणीत अपंगत्वाचे चाळीस टक्के भरले तर सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण, एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत. एकोणचाळीस भरले तर यातलं काही नाही. परीक्षेत लेखनिक मिळायला चाळीसची अट लावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये सांगावं लागलं.

(दुपार. बस. दाराची पहिली पायरी, जवळून.)

तंबोरा गवसणीत घालून सांगलीला निघालाय. पायरी चाचांच्या गुडघ्याला लागते. मागून कुणीतरी कळवळून म्हणतं, "अरे, लंगड्याला आधी चढू द्या."

आतून दोन हात पुढं येतात आणि तंबोरा अलगद, कुठं धक्का न लागू देता, वर घेतात.

(मग चाचा. कट नाही. पूर्ण वर चढेपर्यंत.)