पाच मिलिमीटरच्या गुंडाळ्या

(दृश्य : टेबलावर लाल कागदाची लांब पट्टी. सुईच्या फटीत तिचं टोक अडकतं आणि सुई फिरू लागते.)

ही पट्टी तीन मिलिमीटर रुंद आहे. सुईच्या टोकाला बारीक फट आहे. तिच्यात पट्टीचं टोक अडकवायचं आणि अंगठा नि तर्जनीत धरून सुई फिरवत राहायचं. पट्टी संपली की बोटांत एक घट्ट चकती उरते. सुई काढून बोटं जरा सैल सोडली, की कागद आपणहून उलगडायला लागतो. त्याला किती उलगडू द्यायचं आणि नेमकं कुठे थांबवून गोंदाचा ठिपका लावायचा, यात क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करण्याची, निम्मी कला आली.

हे हात माझ्या आत्याचे. ती एकाहत्तर वर्षांची आहे. लग्न होऊन इंदूरच्या रामबागेत आली ती याच घरात. भरतकाम झालं, क्रोशा झाला, आणि गेली बारा वर्षं कागदाच्या या पट्ट्या. खजुरी बाजारातून पट्ट्यांची पाकिटं मी आणून देते. पण रंग तिनं आधी चिठ्ठीवर लिहिलेले असतात आणि त्यात बदल केलेला तिला चालत नाही.

(दृश्य : गल्ली. समोरच्या घराचं फाटक उघडतं. हातात स्टीलचा डबा.)

आत्याच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. कधी आलं नाही आणि येऊ नये असंच तिला आजही वाटतं. तरीही दरवर्षी ईस्टर या ख्रिस्ती सणाच्या आधी तिच्या बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर दोन डझन अंडी मांडलेली दिसतात. ती येतात समोरच्या घरातून, या डब्यात, कापसात गुंडाळून.

समोर राहतात त्या निवृत्त परिचारिका. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, आत्याही. त्या आत्याला ताई म्हणतात. सिस्टरांचं माहेर नगर जिल्ह्यातलं, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, आणि घरात बोलणं सगळं मराठीत. दर रविवारी त्या व्हाइट चर्चला जातात. होळकरांच्या या शहरात ते चर्च १८५८ साली उभं राहिलं. कॅनडाहून आलेल्या मिशनऱ्यांनी इथलं ख्रिश्चन कॉलेज काढलं ते १८८७ मध्ये. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांना हे इंदूर थोडं दुरून माहीत असतं. आत्याला ते गल्ली ओलांडण्याइतकं जवळ आहे.

(दृश्य : सिस्टरांचा ओटा. साबणाच्या पाण्यात धुतलेली अंडी, जाड सुई, सिरिंज.)

अंडं रिकामं करण्याचं काम सिस्टरांचं. आधी साबणाच्या पाण्यानं बाहेरून स्वच्छ धुणं. मग सुईनं दोन्ही टोकांना भोक. निमुळत्या टोकाला बारीक, बोथट टोकाला जरा मोठं. सुई आत घालून बलक फोडायचा, म्हणजे तो अडकत नाही. बहुतेक लोक यानंतर तोंडानं फुंकर मारतात. सिस्टर मारत नाहीत. कच्च्या अंड्याला तोंड लावायचं नाही, हे त्यांनी सबंध नोकरीभर इतरांना सांगितलं आहे. त्या सिरिंजनं वरून हवा भरतात आणि खालून पांढरा नि बलक भांड्यात उतरतो.

त्यानंतर आत पाणी भरून खळबळवणं, दोनदा. तिसऱ्या पाण्यात थोडंसं व्हिनेगर, पण ते लगेच ओतून टाकायचं. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, आणि आंबटात ते विरघळतं. मग दोन दिवस वाळवण.

साठ ग्रॅमच्या अंड्यात कवचाचा वाटा जेमतेम सहा ग्रॅम. रिकामं अंडं पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला काही उचललं आहे असंच वाटलं नाही.

(दृश्य : जवळून. एक मोठी गुंडाळी अंड्यावर ठेवलेली. तिच्या कडेखालून उजेड दिसतो.)

आता मुख्य अडचण. ती मला कळावी म्हणून आत्यानं बोलण्याऐवजी एक सेंटिमीटरची गुंडाळी अंड्यावर ठेवून दाखवली.

गुंडाळीचा तळ सपाट असतो. शुभेच्छापत्रावर, चौकटीत, डबीच्या झाकणावर ती अंगभर टेकते. अंडं मात्र कुठेच सपाट नाही. गुंडाळी मधल्या एका ठिपक्यावर टेकते आणि चहूबाजूंनी कड अधांतरी राहते. साधारण कोंबडीचं अंडं पोटाशी ४४ मिलिमीटर जाड असतं. त्यावर एक सेंटिमीटरची गुंडाळी ठेवली तर कडेला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट पडते. अंड्याचं कवच असतं ०.३ ते ०.४ मिलिमीटर. म्हणजे ही फट कवचाच्या जाडीपेक्षाही मोठी. ती गोंदानं भरायला गेलं तर कागद भिजतो, वळ्या एकमेकींना चिकटतात आणि गुंडाळीतली हवा जाते.

गुंडाळी निम्मी केली, पाच मिलिमीटरची, की फट निम्मी होत नाही. चौथा हिस्सा होते. म्हणून अंड्यावरचं सगळं काम लहान गुंडाळ्यांत करायचं. आत्यानं हे गणित कधी मांडलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं केलेल्या सात अंड्यांवरची मोठी फुलं पावसाळ्यात एकेक करून सुटली. तेव्हापासून तिच्या टेबलावर गोल भोकांचा प्लॅस्टिकचा साचा असतो आणि त्यातल्या पाच मिलिमीटरच्या भोकाला तिनं लाल नेलपॉलिश लावून ठेवलं आहे.

पण प्रत्येक फुलाचा गाभा काही लहान करून चालत नाही. तिथे तिची दुसरी युक्ती. सैल गुंडाळीऐवजी घट्ट चकती घ्यायची आणि पळीच्या पाठीवर ठेवून अंगठ्यानं हळूहळू दाबायची. चकतीचे वेढे एकमेकांवरून थोडे थोडे सरकतात आणि तिची उथळ वाटी होते. आतून गोंदाचा पातळ हात दिला की ती वाटी तशीच राहते. ही वाटी अंड्यावर पालथी घातली, की कड कुठेही अधांतरी राहत नाही. चित्रीकरणात मी हे पुन्हा पुन्हा करायला लावलं. मला ते पाहताना समाधान होत होतं, हेच खरं कारण.

(दृश्य : पंखा बंद. आत्याच्या कपाळावर घाम. चिमट्यात कागदाची पाकळी.)

एप्रिलमधलं इंदूर म्हणजे चाळिशीला टेकलेला पारा. पण पंखा लावला तर पट्ट्या उडतात, आणि कूलर लावला तर कागद दमट हवा पितो, फुगतो, गुंडाळ्या सैलावतात. त्यामुळे हे काम सकाळी सहा ते नऊ. नंतर सुई, चिमटा, गोंद सगळं डब्यात.

गोंद साधा पांढरा फेविकॉलच. तो टाचणीच्या टोकावर जेवढा येईल तेवढाच घ्यायचा. पट्टीचं शेवटचं टोक ती कात्रीनं कापत नाही, हातानं फाडते. फाटलेली कड पातळ असते, ती खालच्या वेढ्यात मिसळून जाते आणि सांधा दिसत नाही.

(दृश्य : जुन्या सोनेरी कडांच्या पुस्तकाची पानं, बाजूनं.)

या कलेचा उगम युरोपातल्या मठांत सांगतात. पंधराव्या-सोळाव्या शतकात फ्रान्स आणि इटलीतल्या जोगिणी पुस्तकांच्या कडा छाटताना निघालेल्या सोनेरी पट्ट्या गुंडाळून धर्मग्रंथांची वेष्टनं आणि संतांच्या अवशेषांच्या पेट्या सजवत. लांबून ते सोन्याच्या तारेचं काम वाटावं, हा हेतू. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सधन घरांतल्या मुली हे शिकू लागल्या आणि चहाच्या पेट्यांवर अशी नक्षी चढली. क्विल म्हणजे पिसाची दांडी; पट्टी गुंडाळायला ती वापरत म्हणून हे नाव पडलं, असं मानतात. पक्ष्याच्या पिसावर गुंडाळलेला कागद पुन्हा पक्ष्याच्याच अंड्यावर येऊन बसतो, हे सिस्टरांना फार आवडतं. त्या येईल त्याला ते सांगतात.

अंडी रंगवण्याची रीत त्याहून जुनी. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात पूर्वी अंडं वर्ज्य होतं. कोंबड्या मात्र अंडी देत राहायच्या. साठलेली अंडी सणाच्या दिवशी रंगून ताटात यायची. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ती लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. ती सोन्याच्या वर्खानं आणि रंगानं सजवून राजवाड्यातल्या माणसांना वाटायची होती. युक्रेनमध्ये अंड्यावर मेणानं रेघा ओढून मग रंगात बुडवतात, अशा अंड्याला पिसांका म्हणतात. त्या शब्दाचं मूळ ‘लिहिणं’ या क्रियापदात आहे.

(दृश्य : महेश्वरी साडीचा काठ. मग तीच नक्षी अंड्याच्या पोटावर.)

आत्याच्या अंड्यावर यातलं काही नाही. तिनं नक्षी घेतली ती तिच्या पेटीतल्या साडीवरून. महेश्वरी काठात चटई असते, विटा असतात, हिरा असतो, चमेलीचं फूल असतं. सैल गुंडाळीला समोरासमोर दोन चिमटे दिले की डोळा होतो, चार दिले की हिरा. एक चिमटा देऊन टोक किंचित वळवलं की कोयरी. अंड्याच्या पोटाभोवती हिऱ्यांची एक ओळ, तिच्या वर-खाली कोयऱ्या, आणि मधे पांढरं कवच मोकळं. ते मोकळं ठेवण्यावर आत्याचा कटाक्ष आहे. सगळं झाकून टाकलं तर खाली अंडं आहे की थर्माकोलचा गोळा, हे कळणार कसं, असं ती विचारते. बाजारात थर्माकोलची अंडी सहज मिळतात, पडली तरी फुटत नाहीत. ती आणू का, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर आलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

एका अंड्यावर दीडशेच्या आसपास गुंडाळ्या बसतात. एकेका गुंडाळीला सात सेंटिमीटर पट्टी. म्हणजे अंड्यावर दहा मीटरहून जास्त कागद लागतो आणि तीन सकाळी जातात.

(दृश्य : पडदा काही क्षण काळा. मग टेबलावर पांढरे तुकडे.)

हे माझ्या हातून झालं. चित्रीकरणाचा तिसरा दिवस होता. उजेड नीट पडावा म्हणून मी एक पूर्ण झालेलं अंडं उचललं आणि अंगठा मोकळ्या कवचावर जरा जास्त टेकला. टोकांवर पडलेला भार अंडं पेलतं, कारण तिथे घुमटाचा आकार तो भार चहूकडे वाटून देतो. बोटाचा एकाच जागी आलेला दाब ते पेलत नाही.

आवाजसुद्धा झाला नाही. तीन सकाळी गेल्या होत्या. मला रडू आलं.

आत्यानं तुकडे गोळा केले आणि एक तुकडा माझ्यासमोर धरला. “हे बघ आधी.” मोकळ्या बाजूचा चुरा झाला होता. पण जिथे हिऱ्यांची ओळ होती, तिथलं कवच तडकूनही जागच्या जागी होतं. शेजारी शेजारी चिकटलेल्या गुंडाळ्यांनी ते जाळ्यासारखं धरून ठेवलं होतं. ती हिऱ्यांची कमान अख्खी उचलता आली. आत्यानं ती निळ्या पुठ्ठ्यावर चिकटवली. सिस्टर संध्याकाळी आल्या, त्यांनी तो पुठ्ठा बराच वेळ हातात धरला, आणि म्हणाल्या, “ताई, हा मात्र मी कुणाला देणार नाही.”

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. दोघींची बोटं एकाच पानावर.)

वसंतसंपातानंतरची, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्यानंतरची पौर्णिमा, आणि तिच्यानंतर येणारा रविवार, तो ईस्टर. त्यामुळे आत्याला तारीख कुणाला विचारावी लागत नाही. बहुतेक वर्षी ती पौर्णिमा हनुमान जयंतीची असते, कधी कधी होळीची. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२४ मध्ये मात्र होळीपौर्णिमेनंतरच्याच रविवारी, ३१ मार्चला ईस्टर आला आणि आत्याची चार अंडी अर्धी राहिली. ती तिनं पुढच्या वर्षी पुरी केली.

(दृश्य : शनिवार संध्याकाळ. पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये तेवीस अंडी.)

उद्या प्रार्थनेनंतर ही अंडी सिस्टर मुलांना देतील. काही घरांत ती काचेच्या कपाटात जातील, काही संध्याकाळपर्यंत फुटतील. आत्याला ते माहीत आहे. मुलांच्या हातात द्यायचीच, असं तिचंच म्हणणं.

अंड्यांतून निघालेल्या पांढऱ्या-बलकाचे केक सिस्टरांनी या दिवसांत किती केले याची मोजदाद नाही. आज त्यांनी वेगळ्या भांड्यात रव्याचा एक केक केला आहे, दही घालून, अंड्याशिवाय. तो या स्टीलच्या डब्यात घालून त्या गल्ली ओलांडतात.

चैत्र आहे. आत्यानं सकाळीच हरभऱ्याची डाळ भिजत घातली होती. केक ताटलीत काढून घेते, डबा धुते, पुसते, आणि त्यात कैरीची डाळ भरते, वरून हिंग-मोहरीची फोडणी. झाकण लावताना सिस्टरांना विचारते, “पुढच्या वर्षी थोडी बदकाची मिळतील का हो? त्यांचं कवच जाड असतं म्हणतात.”

(दृश्य : डबा पुन्हा गल्ली ओलांडतो. फाटक लागतं.)